वाटी आधी मोज

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

संशोधनाला ‘शाकाहार आणि मधुमेह’ हा विषय घेतलास, छान. पण ‘आपण शाकाहारी आहात का?’ या एका रकान्यावर विसंबू नकोस. साबुदाण्याची खिचडी खाणाराही ‘हो’ लिहितो आणि भाकरी-मटकी खाणाराही.

हार्वर्डच्या गटाने 2016 मध्ये मांडलेला, वनस्पतिजन्य आहार किती आरोग्यदायी आहे ते गुणांत मोजणारा निर्देशांक तू वापरणार, म्हणून सांगते. अन्नाचे 18 गट, आणि खाण्याच्या प्रमाणानुसार लोकांचे पाच सारखे हिस्से पाडून प्रत्येक गटाला 1 ते 5 गुण. अख्खी धान्यं, डाळी, फळं यांना सरळ, म्हणजे जास्त खाल्लं तर जास्त गुण. मैदा, बटाटा, गोड पदार्थ आणि प्राणिज पदार्थांना उलटे, म्हणजे जास्त खाल्लं तर कमी. त्यात चहा चांगल्या गटात आहे! त्यांचा चहा कोरा, आपला दूधसाखरेचा. चहा, दूध आणि साखर वेगळी नोंदव. शिवाय तुझ्या गावात मांस कोणीच खात नसेल, तर त्या गटाचे पाच हिस्से पडणारच नाहीत.

आहार-संशोधक वॉल्टर विलेट यांनी अमेरिकन परिचारिकांना 1980 मध्ये 61 पदार्थांची प्रश्नावली दिली, पण ती तपासली 173 जणींकडून वर्षात चार वेळा, एकेक आठवडा, अन्न वजन करून लिहून घेऊन. तूही आठवडे वर्षभर पसरव. नुसत्या श्रावणात मोजलंस तर उपासच सापडतील.

वाटी मात्र ज्याची त्याची घे. रिकामी तराजूवर ठेवून शून्य कर, नेहमी वाढतात तेवढं पाणी भर. जितके ग्रॅम तितके मिली. आमटीची डाळ वाटीवरून कळत नाही. कच्ची डाळ 150 ग्रॅम आणि शिजलेली आमटी 1,200 ग्रॅम, तर 160 ग्रॅमच्या वाटीत डाळ फक्त 20 ग्रॅम. तेलासाठी डबा सात दिवसांच्या अंतराने दोनदा तोल, तळणीचं उरलेलं वजा कर, आणि पाहुणे किती जेवले ते विचारच. हे हमखास राहतं.

एक गोष्ट मला या निर्देशांकात खटकते. दुधाला तो उलटे गुण देतो; पण अंडी-मासे न खाणाऱ्या आपल्या माणसाला बी-12 जीवनसत्त्व आहारातून मुख्यतः दुधातूनच मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांच्या गटाने 2008 मध्ये दाखवलं की गरोदरपणी फोलेट (हेही एक बी जीवनसत्त्व) जास्त आणि बी-12 कमी असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, सर्वांत जास्त होता. म्हणजे तुझ्या यादीत वरच्या गुणांची बाई बी-12 मध्ये तळाशी असू शकते. रक्ताचे नमुने घेणारच आहेस, तर बी-12 तपासणी प्रस्तावात आत्ताच घाल; मागाहून पैसे मिळत नाहीत.

तराजूचे जादा सेल बरोबर ठेव.

तुझी,
आई