नोट्समधली ती अर्धी ओळ

प्रिय ओंकार,

तू ग्रुपवर टाकलेला राजर्षी शाहू महाराजांवरच्या नोट्सचा फोटो मी झूम करून वाचला. बोर्डिंग म्हणजे पोरांची वसतिगृहं १९०१, आरक्षण २६ जुलै १९०२, सक्तीचं शिक्षण १९१७, अस्पृश्यांची माणगाव परिषद मार्च १९२०, सगळं बरोबर आहे, तारखेत कुठं चूक नाही. पण प्रत्येक गोष्ट वेगळ्या चौकोनात लिहिलीयस आणि बोर्डिंगला तर अर्धीच ओळ, ते मला खटकलं म्हणून एवढं लांबलचक टाइप करत बसलेय. त्या वीस-पंचवीस वर्षांत कोल्हापुरात जे काही बदललं ना, ते त्या अर्ध्या ओळीपासून सुरू होतं असं मला मनापासून वाटतं, आणि परीक्षेत विचारोत न विचारोत, तुला ते माहीत पाहिजे.

२ एप्रिल १८९४ ला महाराज गादीवर आले तेव्हा दरबारच्या ७१ मोठ्या जागांपैकी ६० वर ब्राह्मण होते, हे तुझ्या पुस्तकात असणारच. पण बाकीच्यांना घ्यायचं नाही असा काही लेखी नियम होता का? नव्हता. शिकलेली माणसंच दुसऱ्या जातीत सापडत नव्हती. आणि का सापडत नव्हती तर पुढची शाळा होती शहरात आणि पोरगं होतं खेड्यात, त्यानं शहरात येऊन राहायचं कुठं आणि खायचं काय? गरीब ब्राह्मणाच्या पोराला निदान वार लावून जेवता यायचं, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, माधुकरी मागून शिकलेले कितीतरी मोठे लोक झालेत, त्यांनी पण कमी हाल काढलेले नाहीत. पण कुणब्याच्या, धनगराच्या पोराला अशी घरंच शहरात नव्हती, आणि महाराच्या पोराला तर उंबऱ्याच्या आत कोण घेणार? म्हणजे शाळेचं दार उघडं असून पण उपयोग शून्य.

महाराजांनी हे ओळखलं. आधी सगळ्या जातींना मिळून एकच वसतिगृह काढून बघितलं, पण त्यात बहुजनांची पोरं काही टिकली नाहीत. मग १९०१ ला मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम, मग लिंगायत, १९०८ ला अस्पृश्य पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकामागोमाग एक काढत गेले, जागा दिल्या, उत्पन्नं लावून दिली. दसरा चौकातनं तू हजार वेळा गाडी काढलीयस, आता सुट्टीला आलास की जरा गाडी बाजूला लावून चौकाच्या भोवतीनं चालत एक फेरी मार, किती बोर्डिंगच्या पाट्या दिसतात बघ.

आता हे वर्ष बघ, १९०१. आणि आरक्षणाचा हुकूम १९०२ चा. महाराज तेव्हा विलायतेत होते, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला गेलेले, आणि तिथं असताना हुकूम निघाला की इथून पुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गातनं भरा. ५० टक्के म्हणणं सोपं होतं रे, पण त्या जागांवर बसणारी पोरं आणायची कुठनं? ती पोरं बोर्डिंगात भात-आमटी खाऊन तयार होणार होती. म्हणून मी म्हणते हे दोन चौकोन वेगळे नाहीत, एकाशिवाय दुसरा नुसता कागद राहिला असता.

माझा पणजा, म्हणजे आज्जाचे वडील, भुदरगडकडनं शाहूपुरीच्या गुळाच्या बाजाराला येणाऱ्या गाडीत बसून कोल्हापूरला आला. त्याच्या बापाला पोरगं शिकवायची काही हौस नव्हती, गुरं कोण राखणार म्हणून नकोच म्हणत होता, पण कुणीतरी सांगितलं की बोर्डिंगात दोन वेळचं जेवण मिळतं आणि घरातलं एक खाणारं तोंड कमी होतंय, तेव्हा हो म्हणाला. आज्जा हे सांगताना कधी लाजला नाही आणि मला पण त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. पणज्याला म्हणे पहिल्या दिवशीचा मास्तर आठवत नव्हता, वर्ग आठवत नव्हता, पण रात्री जेवणं झाल्यावर पण कंदील चालू ठेवतात, विझवत नाहीत, हे बघून तो चाट पडला होता ते मात्र म्हातारपणापर्यंत आठवत होतं. घरी रॉकेल वाचवायला लवकर दिवा मालवायचे.

पुढं १९१८ ला महाराजांनी कुलकर्णी वतन, म्हणजे गावचा हिशेब ठेवायचं पिढीजात काम, बंद केलं आणि पगारी तलाठी नेमले, त्यात हा तलाठी झाला. गावात सारा भरायला लोक आले की पावती हातात द्यायच्या आधी त्यावरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला, त्याचं त्यानंच सुरू केलेलं. पिढ्यानपिढ्या अंगठा उठवून जो कागद हातात पडायचा त्यात काय लिहिलंय हे त्या लोकांना कळायचंच नाही, आणि आता आपल्यातलाच एक पोरगा ते वाचून दाखवत होता. ह्याला मी बदल म्हणते.

आता तू म्हणशील की जातीजातीची बोर्डिंगं काढून जात पक्की नाही का केली? हा प्रश्न माझ्या वर्गातली पोरं पण विचारतात आणि बरोबर विचारतात. मला वाटतं त्या काळात एका पंगतीला बसवायचा हट्ट धरला असता तर पंगतीतनं उठून गेलं असतं ते गरिबाचंच पोरगं. आणि महाराज तिथंच थांबले नाहीत ना, १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड, आणि १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून ती पोरं सगळ्यांच्या शाळेत बसवायचा हुकूम काढला. अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळेंचं चहाचं हॉटेल तर तुला माहितीच आहे, महाराज तिथं गाडी थांबवून स्वतः चहा प्यायचे आणि बरोबरच्यांना पण पाजायचे. राजाच पितोय म्हटल्यावर बाकीच्यांनी कप खाली कसा ठेवायचा?

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. पणजा तलाठी झाला पण पणजी शेवटपर्यंत अंगठाच उठवत राहिली. महाराजांनी विधवा विवाहाचा कायदा केला, बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला, धाकटे चिरंजीव शिकारीत अपघातानं वारल्यावर विधवा सून इंदुमतीदेवींना कोल्हापूरजवळ सोनतळीला ठेवून शिकवलं, घरातनंच विरोध असताना. पण हे गावच्या बाईपर्यंत पोचायला अजून दोन पिढ्या गेल्या, आमच्या घरात पहिली मॅट्रिक झाली ती माझी आई. त्याबद्दल तुझ्या नोट्समध्ये एक ओळ पण नाही, ती घाल.

आणि हे सगळं आत्ताच का लिहिलं तर तुझ्या त्या चंदगडच्या मित्रामुळं. तू बोलता बोलता सांगून गेलास की ऊसबिल जमा झालं नाही म्हणून त्यानं संध्याकाळची मेस बंद केलीय आणि पुढच्या महिन्यात भाड्याची कॉट सोडून गावाकडं जाणार आहे. मला ते ऐकून झोप लागली नाही. तूच म्हणतोस ना की तुम्हा सगळ्यांत त्याचा अभ्यास सगळ्यात चांगला आहे, मग गावाकडं जाऊन शेतात एकदा अडकला की परत पुस्तक उघडेल का तो? आपली वरची खोली रिकामीच आहे. पप्पांशी बोललेय, ते लगेच हो म्हणाले, टेबल आणि ट्यूबलाइट रविवारी बसवून घेतो म्हणाले. इथं अभ्यासिका पण चिक्कार झाल्यात आणि त्याला घरी जायला पण जवळ पडेल. जेवण आपल्यातलंच, दोघांचं होतंय तिथं तिघांचं होतंय.

त्याला उपकार वाटतील असं काही बोलू नकोस, पप्पांचा नंबर दे आणि सरळ फोन करायला सांग. पुस्तकं जास्त असतील तर एसटीच्या पार्सलनं पुढं पाठवा म्हणावं, स्टँडवरनं मी घेऊन येते. आणि तू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागू नकोस.

तुझी,
आई

ता. क. तो अंडी खातो का विचारून सांग.