मोटरचा ड्रायव्हर तुमच्या फोनवरच्या सल्ल्यामुळे जळाला, वॉरंटी मात्र माझी गेली

पुणे, १० फेब्रुवारी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : सीएनसी राउटर किटमधला चुकीचा वायरिंगचा कागद, जळालेला ड्रायव्हर आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय,

तुमच्या वेबसाइटवरून मी ३८,५०० रुपयांचं राउटर किट, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारं मशीन, मागवलं. त्यात नेमा २३ मापाच्या तीन मोटरी, त्यांना करंट देऊन फिरवणारे टीबी ६६०० चे तीन ड्रायव्हर, २४ वोल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि ड्रायव्हरांना हुकूम देणारा कंट्रोलर आला. मला देव्हाऱ्यासाठी सागवानी जाळ्या कापायच्या होत्या. वॉरंटी नाकारताना तुम्ही लिहिलंत, ‘ग्राहकाने वायरिंग चुकीचे केले.’ भोसरीत मेन्टेनन्समध्ये २९ वर्षं काढलेल्या माणसाला हे वाचून कसं वाटलं असेल, ते सोडा. वायरिंग चुकीचंच होतं. पण ते तुमच्या कागदावरून केलेलं होतं, अक्षरशः रंग बघून.

या मोटरीत ए आणि बी अशा दोन कॉइल असतात, प्रत्येकीच्या दोन वायरी म्हणजे एक जोडी. तुमचा कागद म्हणतो : काळी ए प्लस, हिरवी ए मायनस, लाल बी प्लस, निळी बी मायनस. शनिवारी एक्स, वाय आणि झेड या तीन दिशांच्या तिन्ही मोटरी तशाच जोडल्या. एक्स आणि झेड पहिल्याच फटक्यात फिरल्या. वाय मात्र जागच्या जागी गुरगुरत, थरथरत राहिली. मी सप्लाय बंद केला, एसएमपीएसचा दिवा पूर्ण विझू दिला आणि वायच्या ड्रायव्हरवर एक्सची मोटर लावली. ती व्यवस्थित फिरली. म्हणजे शनिवारी संध्याकाळी वायचा ड्रायव्हर धडधाकट होता. हे वाक्य कृपया दोनदा वाचा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

सोमवारी तुमच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडचा मुलगा नम्र होता, तक्रार त्याच्या वागण्याबद्दल नाही. तो म्हणाला, ‘काका, वायरींची अदलाबदल करत बघा, एका जोडणीला मोटर फिरेल.’ मी विचारलं, सप्लाय बंद करून ना? ‘बंद-चालू कशाला करताय, २४ वोल्टच तर आहे, काही होत नाही.’ आता खरं सांगतो, मनात पाल चुकचुकली होती. पण कंपनीचा माणूस सांगतोय, त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असेल, असं म्हणून मी हिरवी वायर ओढली. बारीकसा चट् आवाज आला, ड्रायव्हरवरचा दिवा गेला तो गेलाच. मोटरच्या कॉइलमधून करंट वाहत असताना तो अचानक तोडला, की कॉइल उलटा मोठा वोल्टेज फेकते आणि ड्रायव्हरची चिप बसते. मी ऐकलं ही माझी चूक, कबूल. सांगितलं कोणी, हे तुम्ही कबूल करा. कॉल रेकॉर्ड होतो असं सुरुवातीला तुमचीच बाई सांगते, तेव्हा ऐकून बघा.

गुरुवारी आमच्याकडे नेहमीप्रमाणे दुरुस्तीसाठी लाइट गेली. मल्टिमीटरला लाइट लागत नाही, म्हणून वायची मोटर सुटी करून बसलो. काळी-हिरवी मोजली : काहीच नाही. लाल-निळी : काहीच नाही. लाल-हिरवी सव्वा ओहम, काळी-निळी सव्वा ओहम. म्हणजे या मोटरीत जोड्याच वेगळ्या आहेत! लेबल बघितलं तर तिचा लॉट (कारखान्यातली खेप) बाकी दोघींपेक्षा निराळा. मोटरींचा पुरवठादार बदललात, हरकत नाही, पण कागद जुनाच कोंबलात. रंगांचा काही कायदा नसतो, कारखान्यागणिक ते बदलतात. म्हणून तर आधी जोड्या शोधायच्या असतात. मल्टिमीटर नसेल तरी दोन वायरींची टोकं एकमेकांना पिळून शाफ्ट हाताने फिरवायचा. जड लागला की ती एक जोडी. एवढ्या दोन ओळी कागदावर असत्या, तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

शुक्रवारी तपकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. दुकानदाराने ड्रायव्हर हातात घेतला आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, ‘चालू असताना वायर काढली का?’ नवा १,१५० रुपयांना आणला, वायरींना नंबरांच्या स्लीव्ह घातल्या, नव्या जोड्या लावल्या. वाय निमूट फिरली.

कागदात आणखीही गमती आहेत. ड्रायव्हर चालू-बंद करणाऱ्या इनेबलच्या दोन पिना कायम ५ वोल्टला जोडा असं त्यात आहे. तसं केलं की या ड्रायव्हरमध्ये मोटर सैल सुटते. त्या पिना मोकळ्या ठेवल्या की ती धरते. आणि एका फेऱ्याला १६०० पल्स (कंट्रोलरचे इशारे) अशी सेटिंग, एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवणारा स्क्रू, यांचा भागाकार मिलिमीटरला २०० पल्स येतो. तुम्ही ४०० छापलाय, म्हणजे मशीन दुप्पट सरकतं. ५० मिलिमीटरची जाळी १०० ची होते.

मला हवंय ते असं. ड्रायव्हर बदलून द्या किंवा १,१५० रुपये परत करा. वॉरंटी नाकारल्याचं पत्र मागे घ्या, कारण उरलेल्या दोन ड्रायव्हरांची वॉरंटीही त्याच वाक्याने बाद केली आहे. कागद दुरुस्त करा, आणि त्या लॉटच्या मोटरी ज्यांना गेल्यात त्यांना कळवा. सगळ्यांच्याच घरी मल्टिमीटर नसतो. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. तसं झालं नाही, तर पुण्यातल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही.

बिलाची प्रत, तुमच्या कागदाचा फोटो, दोन्ही लॉटच्या लेबलांचे फोटो आणि तपकीर गल्लीची पावती सोबत जोडली आहे. जळालेला ड्रायव्हर फेकलेला नाही, तुमच्याच खोक्यात ठेवलाय. तो न्यायला कुरिअरवाला पाठवाल तेव्हा गुरुवार सोडून पाठवा, लिफ्ट बंद असते आणि मी पाचव्या मजल्यावर राहतो.

आपला,
एक ग्राहक
सिंहगड रस्ता, पुणे