अंगठ्यानं चालणारं घड्याळ

बील, स्वित्झर्लंड

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "हातात मोबाइल असताना चावीचं घड्याळ घेतं कोण? आणि त्यात तू नेमकं करतेस काय?" तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं, कारण मागे कुकर ओरडत होता आणि आईला फोन हवा होता. आता सावकाश लिहिते. दादाला ठळक टायपात छापून द्यायला सांगितलंय, तेव्हा चष्म्याची सबब चालणार नाही.

आधी घेतं कोण ते. अचूक वेळ हवी म्हणून कोणीच घेत नाही. साधं बॅटरीचं घड्याळ महिन्याकाठी पंधरा-वीस सेकंद चुकतं. चावीचं तेवढं दोन-चार दिवसांत चुकतं. इथे क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकपणाचं, प्रमाणपत्र मिळवायचं म्हटलं तरी अट एवढीच, की सरासरी रोजची चूक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत हवी. म्हणजे चूक धरूनच चालायचं. तरी लोक घेतात. का घेतात ते बाबा, तुम्हीच सांगा. डिजिटल कॅमेरे येऊन इतकी वर्षं झाली, स्टुडिओचा गाळा भाड्यानं गेला, तरी यशिका कॅमेरा कपाटात शालीत गुंडाळून ठेवलाय तो कशासाठी?

आता मी काय करते ते. आमचं काम छोटं आहे, कंपनी म्हणावं एवढंही नाही. घड्याळाचं मूळ मशीन तयार विकत घेतो आणि त्यावर आमचे स्वतःचे सुटे भाग चढवतो: तरफा, कॅम (फिरताना दुसऱ्या भागाला ढकलणारे तुकडे), बारीक कमानी. ते भाग आखणं, करून बघणं आणि बिघडले की का बिघडले ते शोधणं हे माझं काम. पुढचं घड्याळ फोटोग्राफीवरून सुचलेलं करायचं असं ठरलं आणि मला वाटलं, ही तर घरचीच परीक्षा.

कसली घरची! पहिल्याच बैठकीत टेबलावर आलं काय, तर लेन्ससारखं दिसणारं घड्याळ. काचेभोवतीच्या कड्यावर २.८, ४, ५.६, ८ असे आकडे, आणि कडं फिरवलं की तबकडीवर अ‍ॅपर्चरच्या (उजेडाचं भोक लहानमोठं करणाऱ्या) पाकळ्या उघडणार, मिटणार. मी म्हटलं, हे म्हणजे पाण्याच्या बाटलीवर कॅमेऱ्याचा स्टिकर लावल्यासारखं झालं. पण सगळ्यांना आवडलं होतं, म्हणून नमुना करायला घेतला. करताना मजा आली हे खोटं कशाला सांगू. पाकळी म्हणजे कागदापेक्षा पातळ पोलादी पत्रा, तिच्या दोन टोकांना दोन खिळे, एक स्थिर खोबणीत आणि दुसरा फिरत्या कड्यात. कडं फिरलं की सगळ्या पाकळ्या एकदम आत झुकतात. पहिल्यांदा ते भोक मिटलं तेव्हा खोलीतल्या पाचही माणसांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा.

मग बाबांचं वाक्य आठवलं, "पाकळ्यांना तेल लागलं की लेन्स गेली समजायची." लेन्सच्या पाकळ्या कोरड्याच चालाव्या लागतात, आणि आमच्या पाकळ्यांच्या खाली मिलिमीटरभर अंतरावर तेल घातलेलं मशीन. घड्याळातलं तेल जागच्या जागी राहत नाही, सरकत जातं. ते सरकू नये म्हणून इथे भागांवर एपिलाम नावाचं अदृश्य लेपन करतात. तेही केलं. तरी काही महिन्यांनी नमुना उघडला तर दोन पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या. शिवाय घड्याळ जाड झालं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाकळ्या मिटल्या की वेळच दिसेना. कॅमेऱ्यात भोक लहान करायला कारण असतं, उजेड कमी करायचा असतो, क्षेत्र खोलवर स्पष्ट हवं असतं. घड्याळात ते नुसतं नटणं. माझ्या मते तरी. आमच्या मुख्य डिझायनरना अजूनही हळहळ वाटते.

मग मी इथल्या जुन्या बाजारातून एक मोडका जपानी कॅमेरा आणला आणि त्यातलं कोपाल कंपनीचं शटर, म्हणजे ठरल्या वेळेपुरता उजेड आत सोडणारं यंत्र, उघडून सगळ्यांसमोर ठेवलं. बाबा, तुमच्या यशिका-मॅट १२४-जीमध्ये कोपालचंच शटर आहे. थंडीत सकाळी ते अडायचं आठवतं? १२५ वर, म्हणजे सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागावर, झकास चालायचं, पण एक सेकंदावर लावलं की घर्र करून अर्ध्यात थांबायचं, आणि तुम्ही ते मंडईतल्या घड्याळजींकडे न्यायचात. मला लहानपणी वाटायचं, कराडात कॅमेरा दुरुस्त करणारा दुसरा कोणी नाही म्हणून. तसं नव्हतं. ते काम त्यांचंच होतं. एक सेकंदाचं शटर लावलं की पाकळ्या उघडणारं कडं एका दातेरी तुकड्याला ढकलतं, तो तीन-चार दंतचक्रं फिरवतो आणि शेवटच्या चक्रावर जहाजाच्या नांगरासारखा एक छोटा तुकडा डावी-उजवीकडे आपटत बसतो. ती घर्र म्हणजे त्या नांगराचे ठोके. घड्याळातल्या एस्केपमेंटचाच, म्हणजे चक्राला एकेक दात सोडणाऱ्या यंत्रणेचाच, तो भाऊबंद, फक्त त्याला बॅलन्स (झोके घेणारं चाक) आणि केसाएवढी कमान नसते, म्हणून त्याची शिस्त कच्ची. १२५ ला ती चक्रं बाजूला होतात, मधे येतच नाहीत. थंडीत जुनं वंगण घट्ट झालं की म्हणून फक्त सावकाश वेग अडायचे. घड्याळजी काय करायचे, तर पेट्रोलमध्ये धुऊन ती चक्रं मोकळी करायचे.

आमच्याकडचे म्हातारे कारागीर, चाळीस वर्षं घड्याळं जोडलेले, भिंग लावून ते शटर बघत राहिले आणि म्हणाले, हे तर आपलंच. खरंच त्यांचंच आहे. इथून जवळच, जुरा डोंगरात, ल सांतिए गावच्या लकुल्त्र या घड्याळवाल्यांनी १९३७ साली कंपास नावाचा तळहातात मावणारा कॅमेरा बनवला होता. आल्पा कॅमेरे बनवणारी पिन्यों ही कंपनी मुळात घड्याळांची दंतचक्रं करायची. जपानात सेइकोशा आणि सिटिझन ही घड्याळांची घराणी कॅमेऱ्यांना शटर पुरवायची. मिनोल्टाच्या जुन्या दुभिंगी कॅमेऱ्यावर सिटिझनचं शटर असायचं. आणि त्याच सिटिझनच्या मदतीनं १९६१ साली बंगळुरात एचएमटीची घड्याळं सुरू झाली. म्हणजे बाबांच्या हातातलं आजोबांनी दिलेलं 'जनता' आणि गळ्यातला कॅमेरा ही दोन वेगळी खाती नव्हतीच.

तर त्या दिवशी शटरचं कडं फिरवता फिरवता ते 'बी'वर आलं. बाकीच्या आकड्यांवर वेळ कॅमेरा ठरवतो, बीवर माणसाचा अंगठा. दाबलंय तोवर उघडं, सोडलं की बंद. मला प्रीतिसंगमाचा घाट आठवला. दिवाळीच्या रात्री तिपाईवर यशिका, बाबांच्या अंगठ्याखाली केबल रिलीजची (शटर दाबायच्या तारेची) दांडी, आणि बाजूला आई मोजतेय. डार्करूममध्येही तेच. लाल दिव्यात एन्लार्जरचं (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचं) बटण बाबांच्या हाती, दुसऱ्या हातानं चेहऱ्यावर सावली धरलेली, आणि आई पडद्याच्या आत उभी राहून मोजायची. आपल्याकडे टायमर होता, पण बाबा त्यावर विश्वास ठेवायचे नाहीत. आईचे बारा म्हणजे बाराच असायचे, लाइट गेलेली असो की लग्नसराईची शंभर पाकिटं पडलेली असोत.

मी इथे एवढंच मांडलं: कॅमेऱ्याचा चेहरा उचलायचा नाही, हे उचलायचं. घड्याळाला एक बटण. दाबलं की सेकंदकाटा शून्यावर येऊन धावू लागेल, दाबून ठेवलंय तोवर धावेल, सोडलं की जिथे असेल तिथे थांबेल. पुन्हा दाबलं की पुन्हा शून्य. नेहमीच्या स्टॉपवॉचमध्ये एकदा दाबून सुरू, पुन्हा दाबून बंद. मधल्या वेळात माणूस तिथे नसतोच. इथे वेळ हातात धरून ठेवायची. मान्य व्हायला वेळ लागला, पण झालं.

बाबांना आतलं सांगते, आईनं हवं तर हा परिच्छेद सोडावा. (तू सोडणार नाहीस, माहीत आहे.) काटा शून्यावर आणण्याची युक्ती जुनी, १८४४ ची, आदॉल्फ निकोल याची. काट्याच्या दांडीवर बदामाच्या आकाराचा कॅम असतो. काटा कुठेही असो, एका छोट्या हातोडीनं त्या बदामावर दाब दिला की तो घसरत घसरत आपल्या खाचेत येतो, म्हणजे काटा बरोबर शून्यावर. आमच्यात बटणाच्या पहिल्या अर्ध्या दाबात हातोडी पडते, पुढच्या अर्ध्यात ती उचलली जाते आणि क्लच, म्हणजे काटा मशीनला जोडणारा भाग, जुळतो. त्या दोन्हींमध्ये क्षणभराची फट ठेवावी लागते, नाहीतर काटा थरथरतो. सगळी डोकेदुखी त्या फटीत होती. दुसरी डोकेदुखी अशी, की क्लच जुळला की मशीनवर ओझं पडतं आणि बॅलन्सचा झोका लहान होतो. निरोगी घड्याळात तो पावणेतीनशे-तीनशे अंशांचा हवा. आमचा पहिल्या नमुन्यात दोनशे तीसवर आला, म्हणजे दम लागलेला. काटा थांबवणारी ब्रेकची कमान गरजेपेक्षा दांडगी होती आणि काटा धावत असतानाही घासत होती. ती बारीक केल्यावर झोका सुधारला.

तिसरी गोष्ट अंगठ्याची. पाणी आत जाऊ नये म्हणून बटणाच्या दांडीवर रबरी कडी असते, तिला ओलांडून बटण परत यायला कमान ताठ लागते, आणि ताठ कमान मिनिटभर दाबून धरली की अंगठा दुखतो. शेवटी तरफेचा आकार असा बदलला की सुरुवातीला जोर लागतो आणि खाली गेल्यावर हलकं होतं. केबल रिलीज दाबताना तुम्ही आधी अंगठा टेकवून श्वास सोडायचात ना, तसा टेकवायला इथेही थारा मिळतो.

मशीन सेकंदाला आठ ठोके देतं, म्हणून काटा एक-अष्टमांश सेकंदाच्या पावलांनी सरकतो. शटरच्या कड्यावरचा आठचा आकडा! हे ठरवून केलेलं नाही, तासाला २८,८०० ठोक्यांची मशीनं हल्ली सर्रास मिळतात. बाबांचं जनता मात्र पाचच ठोके देतं, म्हणून त्याची टिकटिक सुटी सुटी ऐकू येते.

तबकडीचा रंग मी सुचवला तो लगेच मंजूर झाला: अठरा टक्के करडा, उजेड मोजायला धरतात त्या ग्रे कार्डाचा. काटे काळे, कारण पांढरे त्यावर संध्याकाळी हरवतात. काच कृत्रिम नीलमणीची, ओरखडे पडत नाहीत, पण काचेपेक्षा जास्त चकाकते, म्हणून तिला आतून लेपन. लेन्सला करतात त्याच जातीचं. झाइसच्या स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधलं ते. तिरकं धरलं की यशिकाच्या भिंगासारखी जांभळट झाक दिसते. आम्ही बाहेरून लेपन करत नाही, दोन वर्षांत बाहीला घासून निघतं.

आई, तुझ्यासाठी एक. मागे मी ला शो-द-फोंला गेले होते, घड्याळांचंच गाव, हजारेक मीटर उंचीवर. १७९४ च्या आगीनंतर ते पुन्हा बांधलं, आणि पुढे गाव वाढलं ते सरळ लांब रांगांमध्ये, घराघरात उजेड शिरावा असं. घड्याळं घरीच जोडायचे, म्हणून खिडक्यांची रांगच्या रांग आणि खिडकीला लागून टेबल. मला तुझं रिटचिंगचं टेबल दिसलं. उत्तरेच्या खिडकीपाशी, निगेटिव्हवर पेन्सिलीनं नवरीच्या गालावरचा डाग बुजवणारी तू. इथे जी बाई तबकडीवरचे आकडे तपासते ती अगदी तशीच बसते, मनगट टेकवून, श्वास रोखून. तिला मी तुझ्या त्या एका केसाच्या ब्रशचं सांगितलं. ती म्हणाली, पगार किती मिळायचा? मी गप्प बसले. खरंच आई, तुला कोणी कधी काही दिलं का गं त्या कामाचं? पाटीवर नाव बाबांचं, आणि फोटो गोरे करून द्यायची तू. बाबा, रागावू नका, पण हे कधीतरी बोलायचं होतं.

घड्याळ विकत घ्यायचं म्हटलं तर आपल्याला परवडणार नाही, आणि मला फुकटही मिळणार नाही. पण नमुन्यांपैकी एक, आतून ओरखडे पडलेला, मी मागून ठेवलाय. तो घेऊन येते. आईनं मोजायचं, बाबांनी बटण दाबून धरायचं, आणि तीस झाले की सोडायचं. काटा कुठे थांबतो ते मला इथे येऊन सांगायचंय. म्हातारे कारागीर पैज लावून बसलेत.

तो कॅफेवाला मुलगा यशिका शोभेला मागतोय असं दादा म्हणाला. मी येईपर्यंत देऊ नका. नंतरही देऊ नका.

बाबा, मोतीबिंदूची तारीख आता पुढे ढकलायची नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी पोचतेय, तिकीट काढलंय. दादाला मुंबईला घ्यायला पाठवू नका, मी कोयनेनं येईन. स्टेशनवर रिक्षा मिळते.

तुमची,
मनू