‘औषध बरोबर चाललंय ना?’

संपादक महोदय,
सादर नमस्कार. मी इंदूरचा, रामबागेत राहतो, रिटायर आहे, आणि शुगरला यंदा १४ वर्षं झाली. आरोग्याच्या पानावर आमच्यासारख्यांनी काय खाऊ नये हे नेहमी येतं, ते पाठ आहे हो आम्हाला. जलेबी बंद, सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायचं ते नुसतं फिरायला, हिवाळ्यात गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, कढईकडे बघायचंसुद्धा नाही. पण माणूस गोळ्या सोडतो तो माहिती नाही म्हणून सोडत नाही, यावर कोणीतरी लिहा.

माझंच सांगतो. रात्रीच्या मेटफॉर्मिननं पोट बिघडायचं, त्यात रोज तेच तेच करायचा वीट आलेला, मग आज राहू दे, उद्या घेऊ असं चालायचं. डॉक्टर विचारायचे, औषध बरोबर चाललंय ना? आता त्या ‘ना’ला ‘हो’शिवाय काय उत्तर देणार! तपासणीच्या आधी दोन दिवस कारल्याचा रस नि फिरणं, उपाशीपोटीची शुगर ११२, आम्ही खूश. पण एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगते, ती आली ९.१. डॉक्टरांना वाटलं औषध पुरत नाहीये, त्यांनी शुगर उतरवणारी दुसरी गोळी, ग्लिमेपिराइड, वाढवली. इकडे सौ.ला कपाटात न उघडलेल्या स्ट्रिपा सापडल्या, घरात जे व्हायचं ते झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः हातावर गोळ्या ठेवायला लागली. वाढलेला डोस पहिल्यांदाच पूर्ण पोटात गेला, नि चौथ्या दिवशी संध्याकाळी दरदरून घाम, हात थरथर, शुगर ५८. साखरेचं पाणी प्यायल्यावर जिवात जीव आला.

पुढच्या वेळी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी वेगळंच विचारलं, काका, आठवड्यात किती गोळ्या राहतात? सगळ्यांच्याच राहतात. मी पटकन म्हणलं, चार-पाच. इतकंच विचारायचं होतं! त्यांनी हळू विरघळणारी मेटफॉर्मिन दिली, जेवणासोबत घ्या म्हणाल्या, पोट शांत झालं. त्या म्हणाल्या या कंटाळ्याला डायबिटीज डिस्ट्रेस म्हणतात, हे डिप्रेशन नव्हे, पण शुगरवाल्यांमध्ये डिप्रेशनही इतरांपेक्षा साधारण दुप्पट दिसतं, म्हणून झोप, भूक, मन कुठे लागतं का तेही विचारलं. १४ वर्षांत हे पहिल्यांदाच कोणी विचारत होतं, मला तर तिथंच रडू आलं.

आणि घरच्यांना एक विनंती, गणपतीत मोदकाचं ताट फिरताना चारचौघांत “तुम्हाला चालतो का?” विचारू नका. मी मग स्वयंपाकघरात जाऊन दोन खातो.

या आठवड्यात एक गोळी राहिली, मंगळवारची. सौ.ला सांगितलंय.

– एक वाचक, इंदूर