ॲमस्टरडॅमच्या योर्दान वस्तीतल्या मावशी, त्या झारीभर पाण्यासाठी

प्रिय मावशी,

तुमचं नाव आणि गल्ली इथे मुद्दाम लिहीत नाही. डचमधलं कार्ड तुमच्या दाराच्या टपालफटीतून आत टाकलंय, ते मिळालं असेल. पण मला जे म्हणायचं होतं ते त्या कार्डात मावलं नाही. शिवाय दरवर्षी 27 एप्रिलला, म्हणजे इथल्या राजाच्या वाढदिवसाला, कोनिंग्सडाखला, आमच्यातली कितीतरी मंडळी भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन ॲमस्टरडॅम बघायला निघतात. तुमच्यासारखं कुणी तिथे राहतं हे त्यांना कळावं, म्हणून मराठीत लिहितेय.

आईला कोनिंग्सडाखला नेऊ नको, असं मला बऱ्याच जणांनी बजावलं होतं. तिचे गुडघे दुखतात, साखर आहे, त्या दिवशी ट्राम शहराच्या आत येत नाहीत, गर्दीत पिऊन गाणारी पोरं असतात. सगळं खरं. पण राजाचा वाढदिवस अख्खं शहर रस्त्यावर येऊन साजरा करतं हे ऐकल्यावर आई घरात बसणार नव्हती. शाल गुंडाळून, माझ्या मुलीचा केशरी स्कार्फ गळ्यात घालून ती सकाळीच तयार होती.

आणि काय रमली ती! नोर्डरमार्क्ट चौकापासून वेस्टरकेर्क चर्चपर्यंत ती थांबत थांबत चालली, कारण प्रत्येक दारापुढे दुकान होतं. त्या दिवशी रस्त्यावर विकायला परवाना लागत नाही, कुणीही आपल्या माळ्यावरचं सामान आणून मांडतं, हे तिला फारच पटलं. पुण्याचा जुना बाजारच की हा, म्हणाली. लहान झालेले स्केट्स विकणारी मुलगी, व्हायोलिनवर एकच धून पुन्हा पुन्हा वाजवणारा मुलगा, त्याच्यापुढची नाण्यांची टोपी. आईने त्याला नाणं दिलं आणि धून पूर्ण होईपर्यंत उभी राहिली. झेंडा तर लाल-पांढरा-निळा, मग सगळे केशरी का, हे तिने विचारलं. ओरान्ये या राजघराण्याचा रंग, मी सांगितलं. पूर्वी हा सण 30 एप्रिलला असायचा, युलियाना राणीच्या वाढदिवशी. 1980 मध्ये त्यांच्या कन्या बेआट्रिक्स राणी झाल्या, त्यांचा स्वतःचा वाढदिवस जानेवारीतला, तरी त्यांनी आईचीच तारीख ठेवली. विलेम-अलेक्झांडर राजे झाल्यावर, 2014 पासून, ती 27 एप्रिलवर आली. युलियाना आणि बेआट्रिक्सची गोष्ट आईला इतकी आवडली की तिने ती फोनवर पुण्यात तिच्या बहिणीला लगेच सांगितली.

मग दुपारी तिला जायची गरज लागली.

मावशी, हे लिहिताना अजून माझा जीव वर-खाली होतो. कालव्याकाठच्या एका कॅफेच्या दारात केशरी फुग्यांची कमान होती. तिथल्या तरुणाने आईकडे न बघताच मान हलवली. फक्त गिऱ्हाईकांसाठी, म्हणाला. कॉफी घेते, केक घेते, पैसे आधी देते, म्हटलं. आज नाही, म्हणाला आणि वळला. पुढच्या ठिकाणी संडास तळघरात, जिना शिडीसारखा उभा. तात्पुरत्या संडासांपुढची रांग पूल ओलांडून गेलेली. आणि पुरुषांसाठी मात्र कालव्याच्या कडेला मुताऱ्या आहेतच, हिरव्या लोखंडाच्या, जुन्या काळापासून. 2017 मध्ये याच शहरात, रस्त्यावर बसावं लागलं म्हणून दंड झालेल्या एका तरुणीला न्यायाधीशांनी सांगितलं होतं की तू पुरुषांची मुतारी वापरू शकली असतीस. तेव्हा इथल्या बायका चिडून उठल्या होत्या. त्या का चिडल्या हे मला त्या दुपारी आईचा हात धरून उभी असताना अंगावर काटा येऊन कळलं. आई काहीच बोलत नव्हती. ‘चल, घरीच जाऊ’ एवढंच. घर शहराबाहेर, ॲमस्टलफेनला.

तेव्हा तुमच्या दारावरची पाटी दिसली. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘वेसे’ (WC, म्हणजे संडास) आणि खाली एक युरो. पाटीखाली तुमचा नातू डबा घेऊन बसलेला, शेजारी तुम्ही खुर्चीवर, समोर सतरंजीवर कपबशा आणि विणलेले मोजे. त्याने युरो घेतला, वहीत रेघ ओढली. तो घेतला हे फार बरं झालं. आईला कुणाचे उपकार नको असतात. पैसे दिल्यावर ती ताठ मानेनं आत गेली.

पण पाटीवर नव्हतं ते तुम्ही केलंत. आईची साडी, तिचा चेहरा एकदा पाहिलात, तिला दारातच थांबवलंत आणि स्वयंपाकघरात गेलात. खिडकीतल्या कुंड्यांची छोटी झारी रिकामी करून, विसळून, नळाखाली भरून आणलीत. पाणी कोमट आहे ना, हे मनगटावर थेंब घेऊन बघितलंत. मग ती झारी आईच्या हातात दिलीत, एक शब्दही न बोलता, जसं काही सगळ्याच पाहुण्यांना देतात. वरच्या मजल्यावर खूप वर्षं सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतून आलेलं कुटुंब होतं, त्यांच्या न्हाणीघरात पाहिलं होतं, असं मी विचारल्यावर नंतर म्हणालात.

मी या देशात इतकी वर्षं राहते, नोकरी करते, कर भरते. चांगली माणसं पुष्कळ भेटली. पण माझ्या आईला काय हवं असेल याचा विचार, तिने तोंड उघडायच्या आधी, असा कुणी केला नव्हता. कागद आहे तिथे, पुरे की, असं कुणीही म्हटलं असतं, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं. परक्या बाईची लाज राखायला तुम्ही शेजाऱ्यांच्या घरात पाहिलेली गोष्ट इतकी वर्षं लक्षात ठेवलीत. माणूस नीट वागतो म्हणजे काय, हे माझ्या मुलीने तुमच्या दारात उभं राहून पाहिलं. तिला मी वेगळं काही समजावलं नाही.

आई बाहेर आली ती हसत. तुम्ही तिला तुमची खुर्ची दिलीत, त्या केशरी साखरेचा थर असलेल्या टॉम्पूस पेस्ट्रीचा अर्धा तुकडा दिलात. साखर आहे म्हणून मी अडवणार होते, तुम्ही आणि ती दोघींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ती मराठीत बोलत होती, तुम्ही डचमध्ये, आणि गुडघ्यांवरून तुमचं दोघींचं बराच वेळ चाललं होतं. मग उरलेला दिवस आम्ही मनसोक्त फिरलो. संध्याकाळी केशरी होड्यांना हात करायला ती पुलावर उभी राहिली होती.

तुमच्या संडासात भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर आहे, त्यात सगळ्यांची नावं हाताने लिहिली आहेत, हे आईचं पुण्यात सगळ्यांना सांगून झालंय. तिने मला हे खास लिहायला लावलं: तिचा वाढदिवस 9 नोव्हेंबरला असतो, जागा असली तर लिहा. आणि पुढच्या 27 एप्रिलला आम्ही येतोय. नातवाला सांगा, डब्यात युरो आधी टाकू, आणि चकल्यांचा मोठा डबा तुमच्यासाठी वेगळा असेल.

तुमची,
झारीवाल्या आजींची मुलगी