अशुभ चिठ्ठी आणि भेंडीची चुलत बहीण

टोकियो, रविवार रात्र

प्रिय मिल्या,

तू विचारलंस, तिकडेही देवाला कौल लावतात का? लावतात. मी लावला आणि 'क्यो' निघालं. म्हणजे सरळ अशुभ.

आसाकुसाचं सेन्सोजी देऊळ. शंभर येन टाकायचे, षट्कोनी डबा खुळखुळवून उलटा करायचा, बारीक भोकातून काडी बाहेर येते. काडीवरच्या आकड्याचा खण शोधून चिठ्ठी आपणच काढायची. हीच ओमिकुजी. चिनी काव्याच्या चार ओळी, खाली फोड: आजारी उठेल का, लग्न, प्रवास, हरवलेली वस्तू. माझी वस्तू सापडणार नव्हती. सकाळीच छत्री लोकलमध्ये विसरलो होतो, काय बोलणार! इथे शंभरात तीस चिठ्ठ्या अशुभ असतात. भाविकाला खूश ठेवायचा सोस नाही, हे मला आवडलं. टोकियोतल्याच मेइजी जिंगू देवळात तर शुभ-अशुभ भानगडच नाही, मेइजी सम्राट आणि सम्राज्ञीच्या कविताच मिळतात.

वाईट चिठ्ठी तिथेच तारेला बांधून यायची. पावसात भिजलेल्या हातांनी गाठ मारली आणि माझी टर्रकन फाटली. मी समजत होतो, हा हातकागद! छे, बहुतेक चिठ्ठ्या छापील. देशातल्या निम्म्याहून जास्त यामागुची प्रांतातल्या जोशिदोशा नावाच्या संस्थेतून येतात. १९०६ साली तिथल्या पुजाऱ्याने बायकांच्या हक्कांसाठी मासिक काढलं, त्याच्या खर्चासाठी हा उद्योग. घड्या मात्र अजून हातानेच घालतात.

खरा हातकागद, म्हणजे वाशी, बघायला मग ओगावा गावाला गेलो. तिथला होसोकावा कागद २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. कोझो झाडाची आतली साल उकळतात, गार पाण्यात बसून एकेक काळा ठिपका बोटांनी वेचतात, मग कुटतात. हौदात तोरोरोआओईच्या मुळांचा बुळबुळीत रस घालतात. ही झाडं भेंडीच्या कुळातली, रसही तस्साच तार धरणारा! त्याने धागे तळाला बसत नाहीत, पाणी सावकाश गळतं, कारागीर चाळणी हवी तितकी हेलकावू शकतो. उन्हाळ्यात हा रस पातळ होतो, म्हणून खरं काम थंडीतलं. आणि गंमत बघ, ओले ताव एकावर एक थापतात, मध्ये काही न घालता, तरी दुसऱ्या दिवशी सुटे निघतात. मी दोनदा विचारून खात्री केली.

सोबत वाशीची एक पट्टी पाठवतोय. पिळून गाठ मार, ओढून बघ. वहिनींना भेंडीचं सांग, हसतील.

तुझा,
बंड्या



ता. क. छत्री सापडली. स्टेशनवर जमा होती.