लॅबमधल्या ताईंचे जाहीर आभार

ताई,

सप्रेम नमस्कार.

आईला ॲडिसनचा, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी निकामी होण्याचा, आजार आहे हे नक्की झालं, गोळ्या सुरू झाल्या आणि ती परत रानात जायला लागली. डॉक्टरांचे आभार तेव्हाच मानले. तुमचे मात्र चारचौघांत मानायचे आहेत. रिपोर्टवर रक्त घेणाऱ्याचं नाव कुणी वाचत नाही, पण त्यातला आकडा खरा यावा म्हणून तुम्ही काय काय केलंत ते मी समोर उभी राहून पाहिलंय.

त्याआधीचे महिने फार वाईट गेले. आईचं वजन उतरत होतं, उठलं की चक्कर, सकाळी मळमळ. अशक्तपणा म्हणून सलाईन लावायचे, दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. भाकरीवर ती मीठ भुरभुरून खायची. तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळ्या पडल्या होत्या. आमच्या माण तालुक्याकडचं ऊन, त्यामुळे ‘रापली आहे’ एवढंच सगळे म्हणायचे. शेवटी एका डॉक्टरांनी सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त पाहून मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींचा संशय घेतला. एका ठिकाणी या ग्रंथींचं संप्रेरक, कॉर्टिसोल, तेही तपासलं, पण भर दुपारी. कॉर्टिसोल पहाटे-सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं. दुपारच्या त्या कमी आकड्यावरून काय ठरवणार?

म्हणून पुण्याला तुमच्याकडे आलो. सकाळी आठला रक्त द्यायचं, म्हणून आदल्या रात्रीच नातेवाइकांकडे मुक्काम केला. तुम्ही आईला आधी शांत बसवलंत आणि विचारलंत, ‘मावशी, गुडघ्यात इंजेक्शन घेतलंय का? कुठली पुडी, चूर्ण? तोंडाला काय लावता?’ आई लाजली. चेहऱ्याचा काळेपणा जावा म्हणून ती दुकानातून आणलेली एक क्रीम लावायची, मलाही माहीत नव्हतं. ट्यूब पाहून तुम्ही म्हणालात की यात स्टिरॉइड आहे, आणि तसं फॉर्मवर लिहून डॉक्टरांना फोन केलात. स्टिरॉइड म्हणजे कॉर्टिसोलसारखंच औषध. ते बाहेरून मिळत राहिलं की मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी एसीटीएच, म्हणजे ॲड्रिनलला कामाला लावणारं संप्रेरक, बनवणं कमी करते, मग ॲड्रिनलही सुस्तावते. म्हणजे कॉर्टिसोल कमी आलं तरी दोष ग्रंथीचा की क्रीमचा, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर एसीटीएच देतं. ग्रंथीच निकामी असेल तर पिट्यूटरी तिला जोर लावत राहते आणि एसीटीएच खूप वाढतं. हातावरचा काळेपणाही त्यामुळेच येतो.

आणि हे एसीटीएच किती नाजूक! साध्या तापमानाला ठेवलं तर ते रक्तातच मोडत जातं आणि आकडा खोटा कमी येतो. जांभळ्या झाकणाची ट्यूब तुम्ही आधीच गार करून ठेवली होती. सुई निघाल्यावर ट्यूब हलवून बर्फात खोचलीत, आईच्या हातावरचा कापूस मला धरायला सांगितलात आणि रक्त गरगर फिरवून त्यातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा करणाऱ्या थंड सेंट्रिफ्यूजकडे अक्षरशः धावलात. बाहेर नंबर लावून बसलेले लोक कुरकुरत होते. तुम्ही प्लाझ्मा फ्रीझरमध्ये ठेवूनच परत आलात. मला राहून राहून वाटतं, ती ट्यूब टेबलावर पडून राहिली असती आणि एसीटीएच कमी आलं असतं, तर दोष क्रीमवर गेला असता किंवा पिट्यूटरीत बिघाड समजून आईला मेंदूच्या एमआरआयला पाठवलं असतं, आणि खरा आजार तसाच राहिला असता.

मग एसीटीएचचं इंजेक्शन दिलंत आणि तासाभराने पुन्हा रक्त घेतलंत. चांगली ग्रंथी या इंजेक्शनने कॉर्टिसोल साधारण 18 च्या वर नेते. आईचं 2.1 वरून 2.6 वर आलं. एसीटीएच मात्र तीनशेच्या पुढे, म्हणजे खूपच जास्त. शंकेला जागाच उरली नाही. पुढे सीटी स्कॅन झाला. आईला तरुणपणी क्षय झाला होता, त्यानेच ग्रंथी खाल्ल्या असाव्यात असं डॉक्टरांचं मत आहे. थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये लंडनला हा आजार पहिल्यांदा नीट मांडला, तेव्हाही त्यांच्या बऱ्याच रुग्णांच्या ग्रंथी क्षयानेच गेल्या होत्या.

आता आई कॉर्टिसोलची भरपाई करणारं हायड्रोकॉर्टिसोन घेते, सकाळी मोठा डोस आणि दुपारी लहान. सोबत अंगात मीठ टिकवून धरणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन. गोळ्या जन्मभराच्या आहेत आणि एक दिवसही चुकवायच्या नाहीत. ताप आला की डोस दुप्पट, उलट्या झाल्या तर लगेच दवाखाना, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. ती क्रीम फेकून दिली. हिरड्यांचा रंग उतरत चाललाय.

पुढच्या तपासणीला येऊ तेव्हा आई तुमच्यासाठी ज्वारीचं पीठ आणणार आहे. नाही म्हणू नका, ती ऐकायची नाही.

तुमची,
माणच्या मावशींची लेक